कार्डावरची तारीख

२ एप्रिल २०२५, बुधवार

नोकरी लागली एकदाची! अड्यारच्या एका संशोधन संस्थेत, अकरा महिन्यांच्या करारावर. काम असं की ज्यांच्या मुलांना ऑटिझम आहे त्यांच्या घरी जायचं, मूल वेगळं आहे हे पहिल्यांदा कधी जाणवलं ते आईला विचारायचं, आणि लसीच्या कार्डावरून कुठली लस कधी दिली, वेळेवर की उशिरा, ते फॉर्मात उतरवायचं. तमिळ घरं माझ्या जोडीच्या श्रीरंजनीकडे. रेल्वेतली, बँकांतली मराठी-हिंदी घरं माझ्याकडे. माझी तमिळ सात वर्षांनंतरही भाजीबाजारापुरतीच आहे, पण त्यांना हवी होती ती माझी मराठी.

डॉ. त्रिपुरसुंदरी आमच्या प्रमुख. कडक इस्त्रीची सुती साडी, चष्म्यावरून बघणं. म्हणाल्या, “लसीमुळे ऑटिझम होतो का, हे जगभर लाखो मुलांवर तपासून झालंय. होत नाही. वेळेवर दिली तरी नाही, उशिरा दिली तरी नाही. आपण ते नव्याने शोधत नाही आहोत. आईवडिलांना तसं का वाटतं, आणि त्या भीतीने धाकट्या भावंडांच्या लसी का लांबतात, एवढंच आपल्याला बघायचंय.”

मी मान डोलावली. मनात म्हटलं, बाई, तुमची लाखो मुलं तुमच्यापाशी. मला एकाच मुलाचं कळून घ्यायचंय.

कौशिकबद्दल त्यांना काही बोलले नाही. नोकरी गेली असती.

५ एप्रिल, शनिवार

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्याचा भुगा व्हायचा थांबेल.

कौशिक सहा वर्षांचा आहे आणि बोलत नाही. त्याची सोळाव्या महिन्याची लस लॉकडाऊनमध्ये अडकली. दवाखाने बंद, मी घाबरट, आज जाऊ उद्या जाऊ करत विसावा महिना उजाडला. मग राहिलेल्या सगळ्या सुया एकाच दिवशी. दोन दंड, एक मांडी. ९ ऑक्टोबर २०२०. झोपेतून उठवलं तरी सांगेन. त्याआधी त्याला नऊ शब्द येत होते. तीन आठवड्यांत सगळे गेले.

इतकं शहाणं बाळ होतं ते! गादीवर ठेवलं की तासन्‌तास पंख्याकडे बघत पडून राहायचं. घ्या म्हणून कधी हात पुढे केले नाहीत. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस, बाई. आणि मग ती सुई. वेळेवर नेलं असतं तर? एकेक करून दिल्या असत्या तर?

आता धाकटी ऊर्मी सोळा तारखेला नऊ महिन्यांची होईल. गोवराची पहिली लस. संकेतला म्हटलं, या वेळी मी घाई करणार नाही, आधी मला नीट कळू दे. तो म्हणाला, “बघ तुला काय वाटतं ते.” या माणसाशी धड भांडताही येत नाही. मी इंजेक्शनचं नाव काढलं की हा छताकडे बघणार. ओरगडमच्या कारखान्यात तीनशे ट्रकांवर नजर ठेवतो म्हणे. घरात दोन पोरं आहेत, त्यांच्याकडे बघायला याला भीती वाटते. ऊर्मीला घेतो तेही जमिनीवर मांडी घालून, “आता दे” म्हणून. उभ्याने कधी नाही. कौशिक लहान असताना याने एक दिवस पलंगच विकून टाकला, तेव्हापासून आम्ही सगळे जमिनीवर. माझी कंबर धरते त्याचं काही नाही. लेकीत जीव गुंतवायला घाबरतो बहुतेक.

८ एप्रिल

बसमध्ये झोप लागली. तांबरमहून वेळचेरीपर्यंत मी जागी असते, पुढे खिडकीतून वारा लागतो आणि डोळे आपोआप मिटतात. स्वप्नात कंडक्टर कौशिक होता. सहा वर्षांचाच, पण तोंडात शिट्टी, काखेत चामड्याची पिशवी. सगळ्यांशी भराभरा तमिळ बोलत होता आणि लोक हसत होते. बस पाण्यावरून चालल्यासारखी, आवाज न करता. माझ्यापाशी आला, काहीतरी लांबलचक बोलला आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला. मला एक अक्षर कळलं नाही. म्हटलं, राजा, पुन्हा सांग ना. तो पुढच्या सीटकडे निघून गेला.

जाग आली तर बस अड्यार सोडून तिरुवान्मियूरला उभी, आणि खरा कंडक्टर माझ्यावर ओरडत होता. मी हसले. वेडी समजला असेल.

१७ एप्रिल, गुरुवार

काल ऊर्मीची तारीख गेली. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंचा फोन आला, का नाही आलात. गावाला गेलोय म्हणून ठोकून दिलं. ऊर्मी माझ्या मांडीवरच होती आणि मोठ्याने बडबडत होती. बाईंना ऐकू गेलंच असणार.

२३ एप्रिल

अकरा मुलाखती झाल्या. आता हात बसला आहे. मॅडमनी शिकवलं होतं की आधी मुलाबद्दल बोलू द्या, कार्ड शेवटी. पण तसं केलं की शेवटी आई कपाट उघडते, साड्या काढते, विम्याचे कागद काढते, आणि वीस मिनिटं माझी बस चुकवते. म्हणून मी पाय धुवून बसल्या बसल्याच म्हणते, ताई, कार्ड काढून ठेवा हं. ते समोर ठेवते आणि मग गप्पा. काम कसं झटपट होतं.

अकरातल्या नऊ आयांनी सांगितलं, इंजेक्शननंतर दोन-तीन आठवड्यांनी. नऊ! पेरांबूरच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या एकीने तर कार्डावर बोट ठेवून सांगितलं, “हे बघा, याच्यानंतर.” अंगावर काटा आला. तिला मिठी मारावीशी वाटली.

श्रीरंजनीच्या फॉर्मांत तसं काहीच नाही. कुणी म्हणतं देवळात लक्षात आलं, कुणी म्हणतं शाळेत. मला वाटतं तिला खोदून विचारता येत नाही. लाजरी आहे पोरगी.

६ मे, मंगळवार

कत्तिरी लागलंय. उन्हाळ्याच्या या सगळ्यात कडक आठवड्यांना इथे असं नाव आहे, आणि नाव दिल्यामुळे ते सोसायला जरा बरं पडत असावं. दुपारी रस्ते ओस. घरी बसून फॉर्म तपासायची मुभा आहे. मी पंख्याखाली आडवी होते, ऊर्मी कुशीत, कौशिक खिडकीच्या गजांवर बोट फिरवत. झोप आणि जाग यांच्या मधे कुठेतरी तासभर तरंगत असते. आयुष्यातला सगळ्यात चांगला तास.

आज वाटलं, आपल्या मुलाचाही फॉर्म भरावा. येत असलेले शब्द, या रकान्यात लिहिले: आई, बाबा, पाणी, गाई, काऊ, पंखा, टाटा, नाही, चल. मग एकेक शब्द डोळे मिटून ऐकायला लागले.

‘पाणी’ म्हणताना त्याचा चेहरा लख्ख दिसतो. पण तो सहा वर्षांचा दिसतो. पुढचा दात पडलेला. दात तर आत्ता जानेवारीत पडला! ‘चल’ तो बसच्या दारात उभा राहून म्हणतो. ‘काऊ’ माझ्याच आवाजात ऐकू येतं. ‘नाही’ म्हणताना तो समुद्राच्या पाण्यात उभा आहे आणि पाण्याला लाटा नाहीत.

हे स्वप्नातले शब्द माझ्या यादीत आले कसे? किती वर्षं मी ते डॉक्टरांना, सासूबाईंना, सगळ्यांना खरे म्हणून सांगत आले?

खोडत गेले. चार उरले. त्यातलं ‘बाबा’ संकेतने ऐकलं होतं, मी नव्हे.

फॉर्म फाडून टाकला. उन्हाने डोकं फिरलं असेल.

२० मे, मंगळवार

खालच्या मजल्यावर घरमालकीण धनलक्ष्मी अम्मांच्या दाराला आज कडुलिंबाचे डहाळे. नातवाच्या अंगावर ‘अम्मा’ आल्यात, म्हणजे गोवर. सुट्टीला आलेला नातू. शुक्रवारीच ऊर्मी त्याच्या मांडीवर बसून कलिंगड चोखत होती!

आरोग्य केंद्रात फोन केला, या वेळी खरं सांगितलं. नर्सबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “उद्या बुधवार, लसीचा दिवस आहे. आणा तिला.”

२१ मे

नेलं. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेलं. तिथून केंद्राची पिवळी भिंत दिसते. ऊर्मी माझ्या कानातलं ओढून हसत होती, ‘ता ता ता’ करत होती. माझ्या मनात आलं, हे आवाज परवा असतील का? रस्ता पाण्यासारखा हलत होता.

परत आले. संकेतला सांगितलं, गर्दी होती.

आता दोन-तीन आठवडे वाट बघायची, ताप येतो का. दिवसातून दहा वेळा तिच्या कपाळाला हात लावते. मी कसली आई आहे! इंजेक्शन देऊन एकाला घालवलं, न देऊन दुसरीला घालवायला बसले आहे.

२७ मे, मंगळवार

आज मुडिचूर. गेल्या आठवड्यापासून तिथलं हे चौथं घर. मागच्या पुरात या सगळ्या गल्ल्यांत गळ्याएवढं पाणी होतं. कपाटं गेली, कागद गेले, कार्डं गेली. त्यामुळे ‘ताई, कार्ड काढून ठेवा’ म्हणायची सोयच नाही. तारखा मागाहून केंद्राच्या रजिस्टरवरून घ्यायच्या.

आजची आई रम्या. तंजावरकडची मराठी माणसं. तिची मराठी ऐकताना मजा वाटते. शब्द आपल्या पणजीचे आणि हेल तमिळ, मधेच एखादं वाक्य अख्खं तमिळ. मुलगा दारात बसून चपला ओळीत लावत होता. मी विचारलं, पहिल्यांदा कधी वाटलं? ती जराही थांबली नाही. देवळात जावळ काढलं तेव्हा, म्हणाली. अकरा महिन्यांचा होता. बाकीची पोरं गळा काढून रडत होती, हा न्हाव्याच्या वस्तऱ्यावरच्या उन्हाकडे बघत राहिला, आम्ही सगळे टाळ्या वाजवतोय, हाका मारतोय, तर कुणाकडेच बघेना.

मी वाट बघितली. मग मीच म्हटलं, “आणि इंजेक्शननंतर?”

“कुठलं इंजेक्शन?” रम्याने विचारलं. खरंच विचारलं.

बसमध्ये आज झोप आली नाही. फॉर्म काढून बसले. मुडिचूरची चार घरं. जावळ, पहिली पंगत, पूर, आजोबांचं वर्षश्राद्ध. इंजेक्शन एकाही घरात नाही. जिथे कार्ड समोर होतं तिथे मात्र जिकडेतिकडे इंजेक्शन. आणि श्रीरंजनी कार्ड शेवटी मागते.

घरात मुलाची कागदावर लिहिलेली तारीख एकच असते, ती कार्डावरची. बाकी कशाची कोण नोंद ठेवतं? मी ती तारीख आईच्या समोर मांडत होते आणि मग विचारत होते, कधी. ती बिचारी दुसरं कशावर बोट ठेवणार?

आणि मी तरी दुसरं कशावर ठेवलं होतं?

२९ मे, गुरुवार

मॅडमना सगळं सांगितलं. बस चुकते म्हणून कार्ड आधी मागायचे हेसुद्धा. सांगताना इतकं मूर्ख वाटलं की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

“असे फॉर्म किती?”

“सव्वीस.”

त्यांनी सव्वीसही फॉर्मांवर लाल खूण करून वेगळे ठेवले. मी म्हटलं, उद्यापासून येऊ नको का? त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “ही चूक कुणी आपणहून सांगत नाही. सोमवारी ये. आणि तुझ्या मुलाला एकदा घेऊन ये.”

मी गारच पडले. तुम्हाला कसं कळलं, मॅडम?

“या कामाला अर्ज करणाऱ्या बहुतेकांच्या घरी कुणीतरी असतं. श्रीरंजनीचा भाऊ आहे.” मग, “अर्जात दोन मुलं लिहिली आहेस, धाकटी आहे ना तुला? तिची लस?”

मी लाल खुणांचे फॉर्म उगाच सरळ करत बसले.

ऊर्मीला ताप नाही.

१ जून, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारी मुलं पंख्याखाली पेंगत होती. मी संकेतला म्हटलं, “ते इंजेक्शनमुळे नव्हतं. कुणाच्याच बाबतीत नसतं. माझंच विचारणं चुकत होतं.” वाटलं होतं, हुश्श करेल. त्याचा चेहरा पांढरा पडला.

“नक्की?”

“नक्की.”

“म्हणजे मग ते मीच.”

मग तो जमिनीकडे बघत बोलला. दिवाळीच्या आधीचा रविवार, २० ऑक्टोबर २०१९. कौशिक आठ महिन्यांचा. मी न्हाणीघरात होते. हा त्याला घेऊन पलंगाच्या कडेला उभा होता, फोन वाजला, आणि पोर हातून निसटून खाली पडलं. कपाळावर टेंगूळ आलं. मला सांगितलं होतं, खिडकीच्या गजावर आपटला. दुसऱ्याच आठवड्यात पलंग विकला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “पाच वर्षं! पाच वर्षं मी ती सुई उराशी धरून बसले, आणि तू छताकडे बघत बसलास! कारण सुई होती तोवर ते पडणं कुणी विचारणार नव्हतं!”

“हो,” तो म्हणाला.

नुसतं हो. त्याने कारणं दिली असती तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

त्याला चांगलं झोंबावं म्हणून मी फोन काढला. आईने पाठवलेली जुनी चित्रफीत, कौशिकच्या उष्टावणाची. सहा महिन्यांचा. तेव्हा ती सुई नव्हती, ते पडणं नव्हतं. म्हटलं, बघ, बघ तुझ्या हातून पडायच्या आधी कसा होता!

आम्ही बघितलं. चांदीच्या वाटीत खीर आहे. वाटीचा कवडसा छतावर हलतो आहे. सगळे त्याला हाका मारताहेत, मामा खुळखुळा वाजवतोय. माझा आवाज सगळ्यात मोठा. “कौशिक, इकडे. आईकडे बघ. बघ ना रे सोन्या.” काय आनंद आहे त्या आवाजात! आणि तो कवडशाकडे बघतो आहे. शांत, तल्लीन. सबंध चार मिनिटं एकदाही माझ्याकडे बघत नाही.

ही चित्रफीत मी शंभरदा तरी बघितली असेल. दरवेळी खिरीकडे बघायचे.

संकेतने पुन्हा लावली. पुन्हा तेच. तो ओंजळीत तोंड घालून रडायला लागला, आवाज न करता. सुटका झाली त्याची. माझीही झालीच असणार. पण मला सुटल्यासारखं मुळीच वाटलं नाही. माझी चूक होती तोवर आणखी एक कौशिक होता. फडाफडा बोलणारा, माझ्या उशिरामुळे हरवलेला. बसमध्ये, दुपारी, तो मला भेटायचा. आता चूकच नाही म्हटल्यावर तो तरी कुठून असणार? मी रडले ते त्याच्यासाठी. जन्मलाच नव्हता असं लेकरू गेल्याचं रडणं कुणाला सांगायचं?

कौशिक उठला. आम्हा दोघांच्या मधे येऊन बसला, आणि संकेतचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर घट्ट दाबून धरला. त्याला असं दाबलेलं आवडतं.

४ जून, बुधवार

ऊर्मीला ताप आला नाही. केवळ नशीब. त्याचं श्रेय मी कशालाच देणार नाही.

सकाळी चौघेही आरोग्य केंद्रात गेलो. संकेतने पहिली पाळी सोडली. बाकांवर बायका, मांडीवर पोरं, वर कर्कश पंखा. कौशिकने दोन्ही कान झाकून घेतले आणि पुढे-मागे डोलायला लागला. माझ्या शेजारी एक कोवळी मुलगी होती, वीस-एकवीसची, कुशीत ऊर्मीएवढंच बाळ. ती कौशिककडे बघत होती. मग बाळाकडे. मग दाराकडे. तिने पिशवी उचलून खांद्याला लावली. मला ते उठणं ओळखीचं होतं.

जाता जाता थांबली आणि हळूच म्हणाली, “अक्का, ऊसी पोट्ट अप्पुरमा?”

सुई दिल्यानंतर का, असं तिने विचारलं. एवढी तमिळ मला येते.

इतकी वर्षं कुणीही विचारलं की उत्तर तयार होतं माझ्याकडे, तारखेसकट.

“इल्लै,” मी म्हटलं. “पिरंददुलेरंदे.” नाही गं. जन्मापासूनच. पुढचं तमिळमध्ये येईना म्हणून मराठीतच म्हटलं, “हा असाच आहे. हाच आहे तो.”

तिला कळलं की नाही कुणास ठाऊक. ती उभीच राहिली. तेवढ्यात आतून ऊर्मीचं नाव पुकारलं. मी आत जाताना दार उघडंच ठेवलं. नर्सबाईंनी ऊर्मीचा दंड पुसला. सुई गेली तशी ऊर्मीने केंद्र डोक्यावर घेतलं. मी तिला छातीशी धरलं, माझ्याही डोळ्यांना धार लागली, आणि बाईंनी कार्डावर आजची तारीख घातली.

बाहेर आले तर ती मुलगी बाकावर परत बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं, ओल्या चेहऱ्याने किंचाळणाऱ्या ऊर्मीकडे बघितलं, आणि आपल्या बाळाची बाही वर सारायला लागली.